मॉपच्या काठीचा नेम

काकांच्या शेजारी मॉपची काठी ठेवायची की नाही यावर स्मशानात पाच मिनिटं चर्चा झाली. काकूंनी सकाळीच तिचा गोंडा काढून टाकला होता आणि काठी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून टॅक्सीतून आणली होती. तिथल्या माणसाने अदबीने विचारलं, "वॉकिंग स्टिक आह?" काकू हो म्हणाल्या. धातूचं काही नाही ना, एवढं बघून त्याने ती ठेवू दिली. मी फोन धरून उभी होते. फोनमध्ये न्यू जर्सीहून त्यांचा मुलगा बघत होता, कारण तो येऊ शकत नव्हता. आला असता तर त्याला विमानतळावरच अडवलं असतं.

"ताई, दॅट्स द स्टिक, इज इट?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.  फोन हलू न देणं एवढंच जणू माझं काम होतं.

हे लिहायला बसले आहे ते काकांचं कौतुक करायला नाही. कौतुक त्यांचं कोणी फारसं केलंच नाही, मीही नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. नुसती कबूल केली तर दोन ओळींत संपेल आणि वाचणारा म्हणेल, एवढंच ना? म्हणून आधी माणूस सांगते.

मी दोन हजार अकरा साली पुण्याहून सिंगापूरला आले. नोकरी तांजोंग पगारमध्ये, खोली क्लेमेंटीत. खोलीची जाहिरात मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर होती: "शांत, शाकाहारी भाडेकरू हवा. महिन्यातून एक शनिवार-रविवार हॉलमध्ये काठ्या असतील, हरकत नसावी." मला वाटलं, योगासनं किंवा लेझीम शिकवत असतील. पहिल्याच सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात शिरत होते, तर पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस, म्हणजे घरमालक काका, हात आडवा धरून दारात उभा. "थांबा. रेषा मोकळी नाही." आत कुकरची वाफ जायची होती. ती गेली, त्यांनी झाकण काढलं, डाळ बघितली, गॅस बंद असल्याची खात्री केली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "रेषा मोकळी." तेव्हा कुठे मला आत जाता आलं.

मी काकूंकडे बघितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. "होईल सवय," म्हणाल्या.

सवय झाली. काका क्वीन्सटाउनजवळच्या एका ऑफिसात आयटीत मॅनेजर होते आणि सोमवार ते शुक्रवार इतर दहा मॅनेजरांसारखेच दिसत. बस, लॅपटॉपची बॅग, गळ्यात ओळखपत्र. शनिवारी मात्र खाकी शर्ट चढायचा. त्याच्या खांद्यावर कापडी बिल्ला होता, हाताच्या तळव्याएवढा. तो त्यांना अमेरिकेत मिळाला होता आणि काकूंच्या मते आठ वर्षं अमेरिकेत राहून त्यांनी कमावलेली तेवढी एकच वस्तू.

गोष्ट अशी होती. काका तिथे न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहान गावात नोकरीला होते. हिवाळा, बर्फ, शेजारीपाजारी नुसता हात हलवायचे आणि दार लावून घ्यायचे. ऑफिसातला एक जण त्यांना एका शनिवारी शिबिराला घेऊन गेला. रायफल चालवायला शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर, शिकवणारे सगळे हौशी, आपापल्या गाडीने येणारे, एक पैसा न घेणारे. चिखलात चटया टाकून माणसं पालथी पडलेली. मधल्या सुट्टीत "रेषा मोकळी" अशी हाळी देऊन नेमबाजी बंद, आणि सगळ्यांना बसवून सतराशे पंचाहत्तरच्या एप्रिलमधल्या एका दिवसाची गोष्ट सांगायची. इंग्रजांची फौज गावागावांतून शस्त्रं जप्त करायला निघाली आणि शेतकरी, लोहार, सुतार आपापल्या बंदुका घेऊन घराबाहेर पडले, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, त्या दिवसाची. काकांना एका म्हाताऱ्याने स्वतःची रायफल दिली आणि स्वतःच्या शेजारची चटई दिली. दोन दिवसांत त्यांना कोणीही विचारलं नाही की तुम्ही मूळचे कुठले. "मला त्या देशात पहिल्यांदा कोणी तरी जागा दिली," काका सांगायचे. "साडेसहा फूट बाय अडीच फूट." काकूंची आठवण वेगळी होती. "चिखलाने भरून आले आणि आठवडाभर खोकत होते."

पुढे ते तिथे शिकवायला लागले, आणि मग नोकरी सिंगापूरला आली. इथे खरी रायफल तर सोडाच, खेळण्यातली जरा खरी वाटली तरी पंचाईत. दुसरा कोणी असता तर बॅडमिंटन खेळला असता. काकांनी मॉपच्या सात काठ्या आणल्या. मुलाच्या जुन्या झालेल्या दप्तरांचे पट्टे कापून, दंडात अडकवायला, त्यांना लावले. घोडा म्हणून प्रत्येक काठीला खालून कपड्यांचा चिमटा बांधला. काठीच्या टोकावर कॅरमची सोंगटी ठेवायची, पालथं पडायचं, समोरच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावरच्या काळ्या चौकोनावर नेम धरायचा आणि चिमटा इतका हळू दाबायचा की सोंगटी पडता कामा नये. सोंगटी राहिली तर नेम लागला. पडली तर नाही. गोळीचा आवाज तोंडाने काढायला सक्त मनाई होती, कारण सुरुवातीला सगळे तेच करायचे.

हे सगळं चालायचं आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत. तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लग्नं होतात, मयताचे विधी होतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. काकांनी रीतसर अर्ज करून परवानगी घेतली होती आणि अर्जावर लिहिलं होतं: इतिहासावर व्याख्यान आणि हलका व्यायाम. माणसं यायची आठ-दहा. बहुतेक पुण्या-मुंबईची आयटीतली जोडपी. खरं सांगायचं तर ती काकूंच्या बटाटेवड्यांसाठी यायची. मीही त्यातलीच. पण पालथं पडल्याशिवाय वडा मिळत नसे.

काकांच्या शिकवण्यातला एक भाग मात्र मला अजून सोडत नाही. नेम धरला की ते म्हणायचे, "डोळे मिट. श्वास सोड. आता उघड. काठी कुठे बघतेय?" काठी हमखास चौकोनाच्या बाजूला गेलेली असायची. आपण लगेच मनगटाने ती ओढून चौकोनावर आणायला जायचो. तिथे ते टोकायचे. "बंदूक ढकलायची नाही. आपण सरकायचं." म्हणजे पोटाखालून अख्खं अंग बोटभर हलवायचं, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. अंग जिथे सहज बघतं तिथेच चौकोन आला पाहिजे. जोर लावून आणलेला नेम चिमटा दाबताना घसरतोच. हे त्यांनी सगळ्याला लावलं होतं. भाजी घ्यायला गेले तरी फेअरप्राइसमध्ये मोठ्या फ्रीजसमोर डोळे मिटून उभे राहायचे. काकू दोन रांगा सोडून उभ्या राहायच्या.

आणि गोष्टी. तीन गोष्टी ठरलेल्या, प्रत्येक फेरीनंतर एक. शेवटची गोष्ट एका गावच्या कप्तानाची. हा कप्तान म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा साधा कारागीर. वय तिशीचं. घरात मुलं आजारी. सकाळी निरोप आला, माणसं अंगणात जमली, तो निघाला, आणि दारातून मागे वळून बायकोला एवढंच म्हणाला की मुलांना सांभाळ. दुपारच्या आत तो मारला गेला. इथे काका थांबायचे आणि मग नेहमीचं वाक्य यायचं. "त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. एकालाही कोणी हुकूम दिला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या दारात ठरवलं."

मी एकदा विचारलं की काका, ती जमीन त्या शेतकऱ्यांची कधी झाली, आणि त्यांच्याकडे राबणाऱ्या गुलामांनी आपापल्या दारात काय ठरवलं? ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, भाडेकरू. रविवारी घेऊ." रविवारी तो घेतला गेला नाही. मलाही वडे खायचे होते.

समोरच्या घरात एक चिनी अंकल राहायचे, निवृत्त, कायम बनियनवर. ते खुर्ची टाकून हा प्रकार बघायचे. एकदा मला म्हणाले, "टू इयर्स आर्मी, एव्हरी डे कॅरी रायफल. नाऊ सॅटर्डे ऑल्सो कॅरी मॉप? युअर लँडलॉर्ड क्रेझी, लाह." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या देशातला प्रत्येक पुरुष अठराव्या वर्षी सक्तीने लष्करात गेलेला आहे. रस्त्यावरचा कोणीही, टॅक्सीवाला, बँकेतला, बुद्धिबळ खेळणारा म्हातारा, खरी रायफल उघडून पुसून पुन्हा जोडू शकतो. आणि आमचे काका त्यांच्यासमोर हौशी आयटीवाल्यांना कपड्यांचा चिमटा दाबायला शिकवत होते.

कोणी तरी तक्रार केली असावी, कारण एका रविवारी दोन पोलीस आले. दोघंही विशी-बाविशीचे, अतिशय नम्र. काकांनी त्यांना परवानगीचा कागद दाखवला आणि ते निघून जायच्या आत पहिली गोष्ट सुरू केली. दोघं ऐकत उभे राहिले. त्यातला एक हळूच गुडघ्यावर बसला आणि त्याने एका कुलकर्णी बाईंचा पट्टा कोपराच्या वर सरकवून दिला. "लाइक धिस, आंटी. मोअर स्टेडी." बाईंची सोंगटी राहिली. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, तू लष्करात गेलास तेव्हा मनाने गेलास ना? पोरगं हसलं. "लेटर कम, देन गो लोर, अंकल. हू ॲस्क यू वॉन्ट ऑर नॉट?"

काका हसले नाहीत. त्यांचा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि काकूंच्या शेजारी उभा राहून वडे वाढत होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग कागदावरच्या चौकोनांकडे बघितलं. त्या दिवशी तिसरी गोष्ट झालीच नाही.

मुलगा जन्माने अमेरिकन. काकांनी सिंगापूरला आल्यावर दोन वर्षांत पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज केला, कारण पीआर असल्याशिवाय हा फ्लॅट घेता येत नव्हता आणि भाडी परवडत नव्हती. अर्ज तिघांचा एकत्र. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करात जावं लागेल. काकांनी ते वाचलं होतं. मुलगा दहा वर्षांचा होता. आपल्यातल्या कित्येकांनी ते वाचलंय आणि सही केलीये. आठ वर्षांत कोण कुठे असेल, कोण बघतंय, असं म्हणून. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा पेढे वाटले म्हणे.

साडेसोळाव्या वर्षी नावनोंदणीचं पत्र आलं. तेव्हापासून घरात दोन माणसं बोलायची आणि तिसरं गप्प बसायचं. काकूंचं म्हणणं होतं, मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, कॉलेजला तिकडे पाठवा आणि विषय संपवा. पण विषय तसा संपत नव्हता. असा निघून गेला की इथल्या कायद्याच्या दृष्टीने तो फरार. परत या देशात पाऊल टाकता येणार नाही. ज्या शाळेत, ज्या मित्रांत वाढला ते सगळं बंद. मुलगा वाद घालायचा, इंग्रजीत. मराठी त्याला कळायची सगळी, पण तोंडातून कधी आली नाही. आणि काका गप्प.

मला राग यायचा. एका रविवारी शिबिरानंतर जेवायला बसलो होतो. काकूंनी पानावरच विचारलं, तुम्ही काही बोलणार आहात की नाही? काकांनी घास खाली ठेवला.

"त्याने ठरवायचं. मी हुकूम देणार नाही."

"बाबा, यू साइन्ड," मुलगा म्हणाला. "आय वॉज टेन. नोबडी आस्क्ड मी. नाऊ यू से आय डिसाइड?"

 काका अगदी हळू म्हणाले, "डोळे मिट. श्वास सोड. आता उघड. कुठे बघतोयस?"

मला वाटलं आता हा ताट भिरकावणार. पण पोराने खरंच डोळे मिटले. श्वास सोडला. उघडले. "ॲट यू," म्हणाला.

काकांनी मान खाली घातली आणि वरणभात कालवायला लागले. आम्ही चौघंही जेवलो. मी ताटं विसळली.

त्यानंतर काही दिवसांनी मुलगा मला लिफ्टमध्ये भेटला. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून परीक्षेचं विचारलं. तो परीक्षेचं बोललाच नाही. "ताई, ऑल माय फ्रेंड्स गोइंग. आय ऑल्सो डोन्ट माइंड, यू नो. टू इयर्स ओन्ली. बट ही मस्ट से. गो, डोन्ट गो, एनिथिंग. ही मस्ट से वन थिंग." आमचा मजला आला. तो पुढे गेला आणि मी चपला काढत दारात रेंगाळले. आत काका पेपर वाचत होते. त्यांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, आपण भाडेकरू, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत कशाला पडा. पुण्यात आम्ही याला सभ्यपणा म्हणतो.

बारावीच्या परीक्षा संपल्या, लष्करात हजर व्हायची तारीख आली, आणि काकूंनी तिकिटं काढली. दोन, स्वतःचं आणि मुलाचं. त्या त्याला भावाकडे सोडून तीन महिन्यांनी परत येणार होत्या. निघायचा दिवस शनिवार होता. सकाळी अकराची टॅक्सी. काका पहाटेच उठले, खाकी शर्ट घातला, आपल्या खोलीत चटई टाकली, काठी घेतली आणि दार लावून पालथे पडले. शिबिराचा एक नियम होता: सराव सुरू झाला की रेषेवरच्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, तोही कोणाशी बोलणार नाही, रेषा मोकळी म्हणेपर्यंत. घरातल्या तिघांनाही तो नियम पाठ होता.

काकूंनी दारावर एकदा टकटक केली. आतून फक्त पंख्याचा आवाज. त्या डोळे पुसत बॅगा घेऊन लिफ्टपाशी गेल्या. मी मुलाची एक बॅग उचलली होती. तो चपलांच्या कपाटापाशी थांबला, बूट घातले, नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. लिफ्ट आली, काकूंनी हाक मारली. तो दारात गेला आणि मागे वळला. त्या बंद दाराकडे बघत मला म्हणाला, "बाबा नॉट कमिंग आउट, आह?"

 मी बॅग त्याच्या हातात दिली.

तो गेल्यावर अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "रेषा मोकळी." काका बाहेर आले, चहा ठेवला आणि मला विचारलं, घेणार का. मी घेतला.

काकू परत आल्या. रोज सकाळी स्वयंपाकघरात फोन व्हायचा, काकू बोलायच्या, काका हॉलमध्ये पेपर उघडून बसायचे. त्या अर्ध्या तासात पान उलटायचं नाही. फोन संपला की विचारायचे, "काय म्हणतोय?" काकू म्हणायच्या, बरा आहे. "माझं काही विचारलं?" काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. नाही म्हणायच्या. काकाही फोन हातात घ्यायचे नाहीत. त्याने विचारल्याशिवाय मी मध्ये कसा बोलू, म्हणायचे. तिकडे तो काय विचार करत असेल हे मला चांगलं ठाऊक होतं. जो बाप दाराबाहेर आला नाही, त्याला आपण काय विचारायचं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले होते आणि मध्ये मी होते, तिसऱ्या खोलीत.

शिबिराची आमंत्रणं काका पाठवतच राहिले. पण मुलाची बातमी सगळीकडे पसरली होती, आणि ज्याचा मुलगा लष्कर चुकवून पळाला त्याच्याकडे जाऊन कोण पालथं पडणार? लोकांनी कारणंही दिली नाहीत. एका शनिवारी मी खाली गेले तर सात चटया ओळीत टाकलेल्या आणि माणूस एकही नाही. समोरच्या अंकलनीही खुर्ची आणली नव्हती. वड्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं. काका खाकी शर्टात खांबावर कागद चिकटवत होते.

मी एका चटईवर पडले. ते माझ्या शेजारच्या चटईवर पडले. सोंगट्या ठेवल्या. मी चिमटा दाबला, माझी पडली. त्यांची पडली नाही. मग मधली सुट्टी झाली आणि त्यांनी मला एकटीला गोष्टी सांगितल्या, आवाज तेवढाच मोठा ठेवून. तिसरी आली. निरोप आला, माणसं अंगणात जमली, कप्तान दारात पोचला. तिथे ते थांबले.  एक बाई ट्रॉली ओढत आमच्यासमोरून गेली.

"मी बाहेर आलो असतो ना," ते म्हणाले, "तर जाऊ नको म्हणालो असतो. तोंडातून तेच आलं असतं. आणि तो थांबला असता. मग तो माझ्या हुकमावर लष्करात गेला असता. एकदा सही करून त्याचं मी ठरवलंच होतं. दुसऱ्यांदा नको, म्हणून पडून राहिलो."

मी मान हलवली. मला लिफ्ट आठवत होती. त्या पोराला तेच हवं होतं, एवढंच हवं होतं, आणि हे मी या माणसाला दीड वर्षापूर्वी सांगू शकले असते.

"तू दारात होतीस," काका म्हणाले. "तो मागे वळला होता का गं?"

"हो."

"काही म्हणाला?"

खरं काय ते सांगायला जेमतेम श्वासभर वेळ लागला असता. पण त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, बाबा बाहेर येणार नाहीत का असं त्याने विचारलं, हे ऐकून हा माणूस इथेच मोडून पडेल. तो दाराशी वाट बघत होता आणि आपण आत पंखा लावून पडलो होतो, हे त्यांना कसं सोसणार? मला त्यांची कीव आली. कीव आली म्हणून जे तोंडाला आलं ते बोलले, आणि तोंडाला आलं ते त्यांच्याच गोष्टीतलं.

"म्हणाला, बाबांना सांभाळा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विद्यार्थ्याचा नेम कुठे घसरला हे बघताना बघायचे, तसं.

"मराठीत म्हणाला?"

मी हो म्हटलं. आता माघार कशी घेणार? अठरा वर्षांत ज्याने मराठीत पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, त्याच्या तोंडी मी ते वाक्य घातलं होतं.

काकांनी दोन-तीनदा मान डोलावली. त्यांना कळलं. त्यांना कळलं की मी हे आत्ता रचलंय, आणि त्यावरून त्यांनी जे ताडलं तेही मला कळलं: म्हणजे तो काहीच बोलला नव्हता. वळलाही नसेल. मी तरीही तोंड उघडलं नाही. त्यांनी मुलाला फोन केला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या पाच महिन्यांत नाही. मग एका सकाळी ऑफिसच्या बसमध्ये त्यांच्या छातीत कळ आली आणि आम्ही काठी घेऊन स्मशानात गेलो. मुलाला मी अजूनही काही सांगितलेलं नाही. आता सांगून त्याला काय देणार आहे मी?

त्या शनिवारी काकांनी मला दोन वडे कागदात बांधून दिले. खांबावरचे सातही कागद नखाने सोलून काढले, डिंकाचे डाग थुंकी लावून पुसले. चटया गुंडाळल्या. मी त्यांच्या मागे उभी होते, आणि आमच्या दोघांशिवाय तिथे कोणीही नव्हतं, तरी ते डावीकडे बघून, उजवीकडे बघून म्हणाले, "रेषा मोकळी." मग घरी येऊन त्यांनी आपल्या काठीचा पट्टा सोडला, चिमटा काढून दोरीवर लावला, तिला पुन्हा गोंडा बसवला आणि हॉलची फरशी पुसायला घेतली.